एसीच्या डिस्प्लेवर भलताच कोड आलाय? मेकॅनिकला फोन करण्याआधी हे करा

मे महिन्यात मुंबईत एसी बंद पडला की जीव नकोसा होतो. त्या घाईत आपण मेकॅनिक म्हणेल त्याला मान डोलावतो, आणि बहुतेक वेळा तो म्हणतो, “गॅस संपलाय.” डिस्प्लेवर काय आलं होतं हे तुम्हाला नीट सांगता आलं, तर बोलणं तिथूनच वेगळं होतं.

सगळ्यात आधी फोटो काढा. मेन स्विच बंद केला की कोड बऱ्याचदा पुसला जातो. नुसते दिवे लुकलुकत असतील तर व्हिडिओ घ्या, कारण काही मॉडेलमध्ये कोणता दिवा किती वेळा लुकलुकतो त्यावरूनच बिघाड ओळखतात.

मग तो खरंच बिघाड आहे का, ते पाहा. २४ च्या जागी ७५ दिसत असेल तर रिमोटवरून फॅरेनहाइट लागलंय, एवढंच. एलजीच्या एसीवर ‘पीओ’ दिसलं तर जेट मोड, म्हणजे खोली झटपट थंड करायची सोय, चालू आहे. त्यात तापमान बदलत नाही आणि रिमोट बिघडला असं वाटतं. जेटचं बटण पुन्हा दाबा. एसी बंद करून लगेच चालू केला की कॉम्प्रेसर साधारण ३ मिनिटं थांबतो, तोही बिघाड नव्हे.

खरा एरर कोड असेल तर इनडोअर युनिटच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर पाहून त्याच मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये अर्थ शोधा. शेजाऱ्यांच्या एसीवरून अंदाज बांधू नका. इनडोअर आणि आउटडोअर युनिटचा आपसातला संपर्क तुटला की डायकिन ‘यू ४’ दाखवतो, एलजी ‘सीएच ०५’. आणि कोडवरून कुठला पार्ट गेला हे ठरत नाही. मशीनला गडबड कुठे जाणवली तेवढंच कळतं. संपर्काच्या कोडमागे उंदरानं कुरतडलेली वायर असेल, पावसाचं पाणी शिरलेलं कनेक्शन असेल किंवा पीसीबी (एसीचा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) गेला असेल. म्हणून तपासणी न करता थेट पीसीबी बदलायला होकार देऊ नका.

आता रीसेट. एसी रिमोटवरून बंद करा, मग मेन स्विच किंवा एमसीबी (गडबड झाली की आपोआप पडणारा स्विच) बंद करून निदान ५ मिनिटं थांबा. एसी बंद असतानाच फिल्टर काढून नळाखाली धुवा, सावलीत पूर्ण वाळल्यावरच बसवा. आउटडोअरला कबुतरांच्या काड्या किंवा वाळत घातलेली चादर अडत नाही ना, हे खिडकीतूनच पाहा. ग्रिलबाहेर वाकू नका, सज्जावर तर अजिबात उतरू नका. कोड परत आला तर पुन्हा पुन्हा रीसेट करण्यात अर्थ नाही. जळका वास आला किंवा एमसीबी पडत असेल तर रीसेटही नको. एसी बंदच ठेवा.

गॅसबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय. वरळी, वर्सोव्यासारख्या समुद्राकाठच्या घरांत खाऱ्या हवेनं कॉइल गंजून गळती लागते. लीक शोधून बंद केल्याशिवाय गॅस भरून घेऊ नका, नाहीतर पैसे पुन्हा जातील.

फोन करताना कोड, मॉडेल नंबर आणि रीसेटनंतर काय झालं, हे तिन्ही सांगा. पार्ट बदलला तर वॉरंटी बिलावर लिहून घ्या.