गळती ओढ्यातच अडवायची

रसायनशास्त्रात बीएस्सी आणि मग औद्योगिक सुरक्षेची पदविका करून मी पैठणजवळच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात लागले. या कामात नवीन येणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे.

आमच्याजवळच नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. सुमारे १०२ टीएमसीचा हा जलाशय छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याची तहान भागवतो. त्यामुळे इथं रसायनाचा टँकर उलटला तर ती एकट्या कारखान्याची भानगड राहत नाही.

आधी टँकरवरची पाटी वाचायला शिका, तिच्यावरच्या चार आकडी क्रमांकावरून आत काय आहे ते कळतं. १२०२ म्हणजे डिझेल, १२०३ पेट्रोल, ११७० इथेनॉल. डिझेल पाण्यावर तरंगतं, ते तरंगत्या अडसरानं घेरून उपसता येतं. इथेनॉल पाण्यात विरघळतं, तिथं अडसर लावून उपयोग नाही. साखर कारखान्यांची मळी (मोलॅसिस) तर जड, तळाशी बसते. तिला कुणी विष म्हणत नाही, पण ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. उसाच्या पट्ट्यात हे विसरून चालत नाही.

म्हणून खरी लढाई ओढ्यात असते. पाणी जलाशयाला मिळण्याआधी जेसीबीनं मातीचा बांध घातला की निम्मं काम झालं. मात्र पेट्रोल किंवा इथेनॉल असेल तर जेसीबी गळतीजवळ नेऊ नका, वाफेला ठिणगी पुरते. वाफ आपल्याकडे येणार नाही अशी वाऱ्याची दिशा बघून, ओढ्याच्या प्रवाहात खाली लांबवर बांध घाला.

माझ्या पहिल्या मॉक ड्रिलचा आराखडा मी ऑफिसात बसून केला होता. गळती झाली असं समजून जॅकवेलवर, म्हणजे शहरासाठी धरणातून पाणी उपसतात तिथं, फोन लावला, तर ज्यांचा नंबर होता ते वर्षापूर्वीच बदलून गेले होते. बघायला आलेले एक मासेमारी करणारे काका म्हणाले, "बाई, तुमच्या नकाशात हा ओढाच नाही की. पाऊस झाला की सगळं ह्याच्यातनंच धरणात जातंय." मला फार वाईट वाटलं. त्या ओढ्याकाठी मी रोज जात होते.

नंतर आम्ही आराखडा गावात बसून केला. सरपंच, मच्छीमार, जेसीबी आणि ट्रॅक्टरवाले, पाणीपुरवठ्याची माणसं, अग्निशमन दल, सगळे होते. सर्वांत जास्त वेळ एकाच प्रश्नावर गेला: जॅकवेलचे पंप बंद करायचे कुणाच्या सांगण्यावरून? रात्री दोन वाजता तो माणूस फोन उचलेल का? पंप थांबले तर शहरातल्या टाक्या किती तास पुरतील? हे आधी ठरलं नसेल तर ऐनवेळी कुणीच निर्णय घेत नाही.

कायद्याचा आधार आहे. रासायनिक अपघातांबाबतचे १९९६ चे नियम वाचा. त्यानुसार अशा अपघातांची तयारी बघणाऱ्या जिल्हा आपत्कालीन गटाची बैठक दर ४५ दिवसांनी आणि स्थानिक गटाची दरमहा व्हायला हवी. स्थानिक गटानं दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिलही घ्यायची असते. रुजू झाल्यावर मागच्या बैठकांची इतिवृत्तं मागा, आणि तुमच्या भागातल्या मच्छीमारांना त्या बैठकीत बसायला जागा आहे का ते बघा. नसेल तर पुढच्या बैठकीला त्यांना सोबत घेऊन जा.

यादीतला प्रत्येक नंबर बैठकीआधी मी अजूनही स्वतः लावून बघते. गेल्या महिन्यात दोन बदललेले निघाले.