शिवरात्र झाली, लोकर धुवून ठेवायच्या तयारीला लागा

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात, आणि साताऱ्यात ते बऱ्यापैकी खरंच होतं, पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाणाऱ्यांच्या अंगातले स्वेटर बघता बघता दिसेनासे होतात आणि घरोघरी खुर्चीच्या पाठीवर, दाराच्या खिळ्याला, गाडीच्या डिकीत पडून राहतात. माझं म्हणणं एवढंच की लोकर धुवायचे दिवस हेच. दिवाळीत पेटी उघडल्यावर धुवायची पद्धत खूप घरात आहे पण तोपर्यंत कसरीने तिचं काम उरकलेलं असतं. कसरीचं पाखरू लोकर खात नाही, खाते ती तिची अळी, आणि तिला घाम, चहा, आमटीचे डाग लागलेली लोकर जास्त आवडते, म्हणजे मळका स्वेटर पेटीत घालणं म्हणजे पुढच्या सात-आठ महिन्यांचं ताट वाढून ठेवणं. शिवाय आत्ता हवा कोरडी आहे, वारा आहे, वळीव लांब आहे, जाड कपडा एक-दोन दिवसात खडखडीत वाळतो. जूनमध्ये पाटण, जावळी, महाबळेश्वर साइडला हे जमायचं नाही.

धुण्याच्या आदल्या दिवशी पहिलं काम, सगळं एका चादरीवर ओतायचं आणि खरी लोकर कुठली ते वेगळं काढायचं. बाजारातले बरेच स्वेटर, शाळेचे तर बहुतेक सगळेच, ॲक्रिलिकचे असतात, त्यांना एवढे लाड लागत नाहीत. आतल्या शिवणीजवळचं लेबल वाचा. लेबल नसलं, म्हणजे मावशीने विणलेला असला किंवा कुणी दिलेला असला, तर आतल्या बाजूचा सुटलेला एखादा धागा चिमट्यात धरून सिंकवर काडीने पेटवून बघायचा. लोकर असेल तर केस जळाल्यासारखा वास येतो, ज्योत बाजूला घेतली की आपोआप विझते आणि राहिलेली काळी राख बोटाने चुरडते. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला टणक मणी होतो, तो गार झाल्यावरही चुरडत नाही. दोन्ही मिसळलेलं असेल तर लोकर समजूनच धुवा. लेबलवर टबात हात काढलेला असेल तर हाताने धुवायचं, टबावर फुली असेल तर घरी पाणी लावायचंच नाही, ड्रायक्लीनला द्यायचं. अस्तर लावलेला कोट, ब्लेझर, भारीतली पश्मिना शाल हे पण मी घरी काढत नाही. आपल्या जिल्ह्यात घरटी एक फौजी असतोच, त्यांच्या जर्सीला खांद्यावर आणि कोपरावर कापडाचे पॅच असतात, ते लोकरीपेक्षा वेगळे वाळतात, म्हणून ती जर्सी एकटी आणि सावकाश धुवायची, बाकीच्या ढिगात ढकलू नका.

आता एवढं जपायचं का, तर लोकर म्हणजे केसच, प्रोटीन, आणि तिच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबणाचा खार आणि घासाघाशी एकत्र आली की खवले एकमेकांत अडकतात, कपडा आटतो, आणि एकदा आटला की परत पहिल्यासारखा होत नाही. रोजची धुण्याची पावडर खारी असते, वर डाग काढायला तिच्यात एन्झाइम असतात, ते प्रोटीनच तोडतात. आणि ब्लीच तर लोकर चक्क विरघळवतं, पांढऱ्या शालीवरच्या डागाला सुद्धा लावू नका.

म्हणून साबण आधी ठरवा. लोकरीसाठीचं लिक्विड मिळतं ते चांगलं, नसेल तर बाळाचा साधा शाम्पू चालतो. मी गडद रंगाला रिठेच वापरते. एका स्वेटरला आठ-दहा रिठे, बिया काढून, लिटरभर पाण्यात रात्री भिजत घालायचे, सकाळी दहा मिनिटं उकळून, गार झाले की हाताने कुस्करून जुन्या सुती कापडातून गाळून घ्यायचे. नीट गाळा हं, सालीचे तुकडे विणीत अडकले तर निवडत बसावं लागतं. रिठ्याचा फेस डोळ्यात गेला तर जबर झोंबतो, लेकरांना लांब ठेवा. पांढऱ्या आणि क्रीम कपड्याला मात्र रिठा नको, तपकिरी झाक राहते.

त्याच रात्री खिसे रिकामे करायचे (बडीशेप, बसचं तिकीट, काय काय निघतं), मऊ ब्रशने धूळ झाडायची, चामड्याची बटणं असतील तर काढून ठेवायची आणि भोकं बघायची. कपडा खिडकीसमोर उजेडाला धरला की कसरीचं टाचणीएवढं भोक पण दिसतं. ते आधी त्याच रंगाच्या धाग्याने गाठवून घ्या, कारण पाण्याच्या वजनाने सुटलेला टाका पळत जातो. लाल, मरून, काळ्या रंगाची परीक्षा पण आत्ताच, पांढरी चिंधी साबणाच्या पाण्यात बुडवून आतल्या शिवणीवर दाबायची, रंग लागला तर तो कपडा एकटाच धुवायचा.

आणि एक गोष्ट जी कुणी करत नाही पण कराच. हाताने विणलेला स्वेटर कोरडा असतानाच मोठ्या कागदावर, दोन जुनी कॅलेंडरची पानं उलटी चिकटवून, सपाट पसरायचा आणि पेन्सिलने कडेकडेने रेघ मारायची, बाह्या, गळा, खालची पट्टी सगळं. पेनने नको, शाई ओल्या लोकरीला लागते. धुतल्यावर स्वेटर त्या रेघेवर ठेवायचा, जिथे आखडलाय तिथे बोटांनी हळूहळू रेघेपर्यंत आणायचा, जिथे पसरलाय तिथे आत ढकलायचा, बाही लांबली असेल तर मनगटापासून वर सारायची. ओली लोकर ऐकते, आणि ज्या मापात वाळते त्या मापात राहते. नातवासाठी आजीने महिनाभर बसून विणलेला स्वेटर असेल तर त्या कागदाची पाच मिनिटं कसली बघताय.

सकाळी पाण्यात हात घालायच्या आधी सगळं हाताशी पाहिजे, कारण साबणातला कपडा पिळून बाजूला टाकून टॉवेल शोधत फिरलं की तिथेच वाट लागते. दोन प्लास्टिकचे टब (लोखंडी घमेलं नको, गंज लागतो), मग, गाळलेला रिठा किंवा लिक्विड, व्हिनेगर, दोन-तीन मोठे सुती टॉवेल किंवा पंचे, आणि वाळत घालायची जागा तयार, म्हणजे सावलीत बाज टाकून त्यावर जुनी चादर आणि चादरीवर तो कागद. कागद लगेच भिजतो, म्हणून माप जुळलं की अलगद ओढून काढून घ्यायचा. पाणी सकाळीच भरून ठेवा, मार्चमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका बसेल इतकं तापतं. 30 डिग्रीच्या वर नको, म्हणजे कोपर बुडवलं तर गरम अजिबात नाही, किंचित गारच लागलं पाहिजे, आणि खळबळायचं पाणी पण त्याच तापमानाचं. साताऱ्यात कासचं पाणी येतं तिथे प्रश्न नाही पण माण-खटावला बोअरचं जड पाणी असतं, त्यात साबणाचा चिकट साका लोकरीवर बसतो, तिथे रिठा किंवा लिक्विडच घ्या, एक पाणी जास्त काढा आणि शेवटच्या बादलीत दोन चमचे व्हिनेगर घाला.

धुणं म्हणाल तर अगदी थोडं. कपडा उलटा करून बुडवायचा, पाच-दहा मिनिटं ठेवायचा, तळव्याने दाबायचा आणि सोडायचा, चोळायचं नाही, आपटायचं तर नाहीच नाही. उचलताना खांद्याला धरून नको, दोन्ही हात खाली घालून उचलायचा. दुसऱ्या टबातल्या पाण्यात साबण जाईपर्यंत असाच दाबत खळबळायचा, मग टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळायचा आणि वरून दाबायचा, पाणी टॉवेलात उतरतं. दोरीवर कधीच नको, खालची बाजू गुडघ्यापर्यंत येते.

घोंगडीचं वेगळं सांगते, कारण लोक तिला स्वेटरसारखी धुवायला बघतात. म्हसवड, माण, इकडे आटपाडी-जत, तिथल्या दख्खनी मेंढरांची लोकर राठ असते आणि विणताना धाग्याला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून नवी घोंगडी कडक असते. दर वेळी धुवायची गरजच नाही. सकाळच्या उन्हात टाकायची, काठीने दोन्ही अंगाने झोडायची, उलटायची, संध्याकाळी घडी. फारच मळली असेल तर गार पाणी, रिठा आणि दोन माणसं, कारण भिजली की ती एकट्याला उचलत नाही. पिळायची नाही, मोरीच्या कडेवर निथळत ठेवायची आणि मग बाजेवर.

लोकर वरून सुकलेली वाटते पण काखेत, गळ्याच्या पट्टीत आणि खिशाच्या शिवणीत ओल राहते, तिथे हात लावून बघितल्याशिवाय पेटी उघडू नका. घडी घालायची, हँगर नको, खांद्याला टोकं येतात. जुन्या सुती साडीत किंवा धोतरात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, पेटी दोन विटांवर, भिंतीपासून चार बोटं लांब. वाळलेला कडुनिंब टाका, पण त्याच्या भरवशावर मळका कपडा ठेवू नका. डांबरगोळ्या घालायच्या तर कापडात बांधून, लोकरीला न लागता, आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा. तान्ह्या बाळाच्या टोपड्या-स्वेटरमध्ये मात्र डांबरगोळी अजिबात नको, काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी तिच्यामुळे फुटतात आणि कावीळ वाढते. बाळाचं वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि डांबरगोळीतलं काही बाळाला घालायचंच असेल तर आधी धुवून, दोन-तीन दिवस वाऱ्यावर टाकून मगच.

पेटीच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवा, आत काय आहे, काय रफू करायचं राहिलंय. ऑक्टोबरचं ऊन पडलं की एक दिवस सगळं बाहेर काढा, घड्या उलगडा, शिवणींवरून ब्रश फिरवा, पेटी पुसून उन्हात उपडी ठेवा, आणि संध्याकाळी घड्या बदलून परत आत.