पंच कार्डांवर फोरट्रान: गठ्ठा लावायचा कसा

आयबीएमचं कार्ड ८० कॉलमचं, १२ आडव्या ओळींचं. एका कार्डावर फोरट्रान या संगणकभाषेतल्या प्रोग्रॅमची एकच ओळ. कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममधल्या चालू ०२६ कीपंचवर (कार्डाला भोकं पाडणाऱ्या टंकयंत्रावर) बसायचं असो की हाती आलेला जुना गठ्ठा वाचायचा असो, आधी कॉलम पाठ करा.

१ ते ५ मध्ये विधानाचा क्रमांक. पहिल्यात ‘सी’ असेल तर ती नुसती टीप. ६ व्यात शून्य सोडून कुठलंही चिन्ह असलं की मागच्या कार्डाची ओळ पुढे चालू. विधान ७ ते ७२ मध्येच बसवायचं. पुढचे आठ कॉलम कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा, बघतसुद्धा नाही. आयबीएम ७०४ या जुन्या संगणकाचा कार्डरीडर प्रत्येक आडव्या ओळीतून ३६ बिटांचे दोन शब्द उचलायचा. छत्तीस दुणे बहात्तर, ती सवय पुढे टिकली. इथेच खरा घात होतो. १२५० हा आकडा ७१ व्या कॉलमपासून पंच केलात तर यंत्र १२ वाचतं. चूक दाखवत नाही, उत्तर मात्र भलतंच येतं.

‘ओ’ आणि शून्याचा घोळ कार्ड उजेडासमोर धरून सोडवा. शून्याला एकच भोक, ‘ओ’ला दोन: ११ आणि ६ च्या ओळीत.

पडलेलं भोक बुजत नाही. चुकलेलं कार्ड डावीकडच्या वाचन-जागेत, कोरं उजवीकडे पंचाखाली. चुकलेल्या कॉलमच्या अलीकडेपर्यंत ‘डुप’ची कळ दाबून नक्कल करा, योग्य अक्षर मारा, पुन्हा ‘डुप’. अक्षर राहूनच गेलं असेल तर त्या जागेपासून पुढचं सगळं हाताने टाइप करायचं.

७३ ते ८० मध्ये अनुक्रमांक टाका, दहा-दहाने: १०, २०, ३०. मधे कार्ड घालायला जागा राहते. आळसाने हे न करणारे बरेच असत. गठ्ठा जमिनीवर सांडला की त्यांना कळायचं. क्रमांक असतील तर सॉर्टर आहे, एकेका कॉलमच्या भोकांवरून कार्डं कप्प्यांत वाटणारं यंत्र. सुरुवात ८० व्या कॉलमपासून, मग ७९, असं डावीकडे. दर फेरीनंतर शून्यापासून नवापर्यंतचे कप्पे त्याच क्रमाने उचला. उलट, डावीकडून सुरू केलंत तर प्रत्येक फेरी आधीची मेहनत मोडते. लहान गठ्ठ्याला वरच्या कडेवर मार्करने तिरपी रेघ पुरते: कार्ड हललं की रेघ तुटलेली दिसते.

रीडरमध्ये घालण्याआधी गठ्ठा पंख्यासारखा उलगडून हवा खेळवा (पत्त्यांसारखा पिसू नका!), कडा टेबलावर ठोकून सरळ करा. आयबीएम १४०२ या रीडरमध्ये कार्डं पालथी, नवाची (खालची) कड पुढे. दमट कार्ड फुगतं आणि अडकतं. करकचून बांधलेल्या रबरबँडने कडेला खाच पडली तरी तेच. सगळी भोकं पाडलेलं ‘लेस कार्ड’ ही मुद्दाम केलेली खोडी: जाळी झालेलं ते कार्ड आत मुडपतं आणि रीडर उघडून तुकडे वेचावे लागतात.