मानधनाचा आकडा बघून सही ठोकताय? या चुका टाळा

लेखाचं किंवा पुस्तकाचं कॉन्ट्रॅक्ट आलं की आपण लिहिणारे आधी एकच गोष्ट शोधतो, पैसे किती, आणि आकडा बरा दिसला की बाकीची पानं भराभर स्क्रोल करून खाली सही. मीही तेच केलंय. एका ठिकाणी लेख दिला, पैसे वेळेवर आले, दोन वर्षांनी तोच लेख स्वतःच्या संग्रहात घ्यायला गेलो तर कळलं की तो आता माझा नाहीच, आणि परवानगी मागितली तर मलाच फी सांगितली. भांडणार कुणाशी, सही माझीच होती.

तर सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आकडा आणि हक्क वेगवेगळे बघणं. पैसे नक्की कशाचे मिळतायत ते बघा ना. फक्त पहिल्यांदा छापायच्या हक्काचे असतील तर थोडे कमी चालतील, कारण तो लेख तुम्ही नंतर पुन्हा विकू शकता, अनुवादाला देऊ शकता, पुस्तकात घेऊ शकता. पण 'सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी' असं असेल तर तोच आकडा एकदम फालतू ठरतो. अशा वेळी मी सरळ विचारतो, तुम्हाला यातलं खरंच काय वापरायचंय? बऱ्याचदा संपादकालाही माहीत नसतं, त्याला ते कॉन्ट्रॅक्ट वरून आयतं मिळालेलं असतं, आणि विचारलं की 'पहिला हक्क आणि सहा महिने एक्सक्लुझिव्ह' एवढ्यावर भागतं. नाहीच ऐकलं तर रेट वाढवून मागा.

'आज असलेली आणि पुढे येणारी माध्यमं' हे वाक्य दिसलं तर त्याकडे अजिबात दुर्लक्ष करू नका. अमेरिकेत जोनाथन टासिनी आणि आणखी काही फ्रीलान्सर कोर्टात गेले होते, कारण न्यूयॉर्क टाइम्स वगैरेंमध्ये छापलेले त्यांचे लेख न विचारता इलेक्ट्रॉनिक डेटाबेसमध्ये गेले होते. 2001 मध्ये सुप्रीम कोर्टात 7 विरुद्ध 2 असे लेखक जिंकले. पण प्रकाशक काय गप्प बसणार, ते हे हक्क कॉन्ट्रॅक्टमध्ये आधीच लिहून घ्यायला लागले. आज तीच गत एआय ट्रेनिंगची, म्हणजे तुमचे लेख एआयला शिकवायला वापरण्याची आहे, त्याचा वेगळा उल्लेख नसेल तर एक ओळ घालून घ्या की लेखी परवानगीशिवाय नाही.

'वर्क फॉर हायर', म्हणजे काम करून घेणाराच कायद्याने लेखक, असं दिसलं तर अजून सावध. अमेरिकन कायद्यात लेखकाने स्वतः दिलेले हक्क साधारण 35 वर्षांनी परत मागता येतात, वर्क फॉर हायरमध्ये तेही नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने लेखक तुम्ही नसताच!

पुस्तक असेल तर रॉयल्टीचा टक्का बघून खूश होऊ नका, तो कशावर आहे ते बघा. छापील किंमत 100 धरली आणि विक्रेत्याला 50 टक्के सूट गेली, तर छापील किमतीवरचे 10 टक्के म्हणजे 10, आणि प्रकाशकाच्या हातात येणाऱ्या रकमेवरचे 10 टक्के म्हणजे फक्त 5. तसंच 'पुस्तक बाजारात उपलब्ध असेपर्यंत हक्क आमच्याकडे' हे ई-बुकच्या जमान्यात कधी संपणारच नाही, म्हणून वर्षाला अमुक प्रती खपल्या नाहीत तर हक्क परत, असा आकडा लिहून घ्या.

पेमेंट 'प्रकाशनानंतर' असेल तर लेख वर्षभर पडून राहिला तरी तुम्ही हात चोळत बसणार. 'स्वीकारल्यावर इतक्या दिवसांत' करून घ्या, आणि लेख रद्द झाला तर किती देणार तेही. कुणी केस केली तर सगळा खर्च लेखकाचा, अशी ओळ असेल तर ती निदान मानधनाच्या रकमेपर्यंत तरी आणा.

आणि सही आधीच झाली असेल तर? जुनं कॉन्ट्रॅक्ट काढून मुदत बघा, हक्क वापरलेच नसतील तर परत द्या म्हणून मेल टाका, साध्या मेलवर परत मिळालेले मी पाहिलेत. फोनवर 'हो हो, चालेल' म्हणाले तरी ते मेलवर मागा. आणि पुढच्या वेळी एक ओळ न विसरता टाका, की पूर्ण पैसे जमा झाल्यावरच हक्क जातील, म्हणजे पेमेंटसाठी मागे लागायची वेळ आली तर निदान लेख तरी तुमच्याच नावावर असेल.