जपानमध्ये मिशनवर येताय? या चुका टाळा

टोकियोच्या एदोगावा भागातल्या आमच्या दुमजली इमारतीत तळमजल्यावर कायम दोन मुलं राहतात. मुलं बदलतात, खोली तीच. पांढरा शर्ट, टाय, हेल्मेट, सायकल आणि छातीवर काळी नावाची पट्टी. पट्टीवर आडनावाच्या मागे लिहिलेलं असतं ‘चोरो’. ‘एल्डर’चं हे जपानी रूप, अर्थ, वडीलधारी व्यक्ती. एकोणीस वर्षांच्या, ओठांवर धड मिसरूड नसलेल्या पोराला भर रस्त्यात ‘चोरो’ म्हणून हाक मारायची, हे मराठी माणसाला जमायला थोडा वेळ लागतो.

ही ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या अमेरिकन ख्रिस्ती पंथाची मुलं, धर्मप्रचाराला आलेली. आपण त्यांना मॉर्मन म्हणतो. २०१८ साली चर्चचे तेव्हाचे प्रमुख रसेल नेल्सन यांनी हे टोपणनाव टाळायला सांगितलं, तेव्हा पहिली चूक आपलीच. जपानात त्यांचे प्रचारक पहिल्यांदा आले १९०१ मध्ये. या प्रचाराच्या काळाला ‘मिशन’ म्हणतात: मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष. पगार नाही, खर्च घरचा किंवा साठवलेल्या पैशांतून. साडेसहाला उठायचं, साडेदहाला दिवे बंद.

धर्माचं ते जाणोत. मला वरच्या खिडकीतून दिसतात त्या घरातल्या अडचणी, आणि त्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. दर सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात. जोडी दर वेळी मोडतेच असं नाही. पण मोडली, की कचऱ्याचे वार पाठ असलेला नेमका दुसऱ्या गावी जातो.

कचरा आणि गादी

इथे जळणारा कचरा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या-डबे वेगळे, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. सकाळी आठच्या आत, कावळ्यांनी उकरू नये म्हणून लावलेल्या जाळीखाली. चुकलं की पिशवी तिथेच राहते, वर इशाऱ्याची चिठ्ठी चिकटवलेली. ती कुणाची हे सगळ्या गल्लीला न सांगता कळतं. प्रशिक्षण केंद्रात या मुलांनी पश्चात्ताप आणि बाप्तिस्म्याचे जपानी शब्द घोटलेले असतात. ‘मोएरु गोमी’, म्हणजे जळणारा कचरा, हा शब्द मात्र पिशवी तिथेच राहिल्यावर कळतो. उपाय साधा: पालिकेचं कचऱ्याचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवा आणि बदली होणाऱ्याने जाताना ते काढून नेऊ नका. (एकाने नेलं होतं. आठवण म्हणून.)

तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईवर, गादी घालून झोपायचं आणि सकाळी तशीच टाकून बाहेर पडायचं, ही दुसरी चूक. अंगाचा घाम गादीतून खाली झिरपतो, चटई दमट होते, आणि जून-जुलैच्या पावसात गादी उचलली की खाली हिरवट-काळे ठिपके. कोकणातल्या माणसाला बुरशी शिकवावी लागत नाही, पण अमेरिकेतल्या उटाह राज्याच्या कोरड्या हवेतून आलेल्याला ती नवीनच. सकाळी गादी गुंडाळा, ऊन असेल तर कठड्यावर टाका, खाली लाकडी पट्ट्यांची चौकट घाला.

सायकल

अमेरिकन मुलं उजवीकडून चालवायला सवकलेली. सरळ रस्त्यावर ठीक चालतं. वळण आलं की हात आपोआप उजव्या बाजूला नेतो. जपान आपल्यासारखंच डावीकडून चालतं. पावसात एका हातात छत्री धरून सायकल चालवणंही नियमाबाहेर, रेनकोट घ्या. आणि आधीच्या चोरोची सायकल वापरायला घेतलीत, तर तिची पोलिसांकडची नोंद आपल्या नावावर करून घ्या. हवालदाराने थांबवून क्रमांक तपासला आणि नाव दुसऱ्याचं निघालं, की अर्धा तास चौकीत. परदेशी माणसाने रहिवासी कार्डही सदैव खिशात ठेवायचं असतं. ते टायबरोबर टेबलावर ठेवून निघू नका.

‘आनाता’

भाषेतली सगळ्यात ठसठशीत चूक ही. पुस्तकात ‘यू’साठी ‘आनाता’ दिलेलं असतं, म्हणून पोरं सत्तरीच्या आजींना आनाता, आनाता करत सुटतात. आपल्याकडे नव्या पाहुण्याने आजीला ‘ए, तू’ म्हणावं तसं ते कानाला लागतं. नाव घ्या, पुढे ‘सान’ लावा, किंवा सर्वनाम गाळाच. मराठी माणसाला इथे थोडी सवलत आहे: क्रियापद शेवटी, शब्दयोगी नामाच्या मागे, आणि वाक्याच्या टोकाला ‘ने’, आपल्या ‘ना’सारखं. ‘सामुइ देसु ने’, थंडी आहे ना.

चहा

चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. हा नियम १८३३ चा. ग्रीन टीसुद्धा चहाच, हे चर्चने २०१९ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. आणि जपानात दार उघडलं की आधी ग्रीन टी येतो. चूक दोन्हीकडून होते: कुणी संकोचाने पितो, कुणी उंबरठ्यावरच नियमांचं व्याख्यान देतो. ‘मिझु दे दाइजोबु देसु’, पाणी चालेल, एवढं पुरे. किंवा ‘मुगिचा’ मागा. ती भाजलेल्या जवाची, चहाच्या झाडाशी संबंध नाही. वेंडिंग मशीनवर मात्र फसगत ठरलेली, कारण मुगिचाच्या बाटलीवरही शेवटचं अक्षर चहाचंच असतं. त्याच्या आधीचं, जवाचं अक्षर ओळखायला पहिल्या आठवड्यात शिका.

सोमवार

या मुलांची आठवड्याची सुट्टी बहुतेक ठिकाणी सोमवारी. धुणं, किराणा, घरी फोन. पण सोमवारी संग्रहालयं बंद असतात, आणि टोकियोच्या बाजूला जुन्या वळणाची केशकर्तनालयंही. सोमवारी न्हावी बंद, हे वाचून पुण्या-मुंबईच्या माणसाला घरी आल्यासारखं वाटेल. स्टेशनजवळची झटपट कापणारी दुकानं उघडी असतात.

फोनचं म्हणाल तर २०१९ पूर्वी वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मदर्स डेला, घरच्यांचा आवाज ऐकू येई. आता दर आठवड्याला परवानगी आहे. जपानात घड्याळ वर्षभर हलत नाही, उटाहचं मार्च आणि नोव्हेंबरमध्ये एक तास सरकतं. त्या सोमवारी आई फोन हातात घेऊन बसलेली असते आणि मुलगा लाँड्रीत.

जोडीदार

हे सगळं एकीकडे आणि दुसरा माणूस एकीकडे. बाथरूम सोडलं तर कुठेही एकट्याने जायचं नाही. होस्टेलमध्ये रूममेटशी बिनसलं की आपण टपरीवर जातो. इथे टपरीवरही तोच सोबत. पातळ भिंतींतून मला भांडणं ऐकू येत नाहीत, अबोला ऐकू येतो. दोन दिवस फक्त नळाचा आणि चमच्यांचा आवाज. आठवड्याला एकदा समोरासमोर बसून एकमेकांबद्दल काय खटकतं ते बोलायची त्यांच्यात पद्धत आहे. ती ‘सगळं छान’ म्हणून दोन मिनिटांत उरकणं ही माझ्या मते सगळ्यात महाग चूक. ‘तू सिंकमध्ये केस सोडतोस’ हे तिथेच म्हणावं.

आणि आपल्या मंडळींसाठी एक. माझी आई इथे आली होती तेव्हा या दोघांना वर बोलावून ‘अर्धा कप तरी घे रे’ करत बसली. तिसऱ्या आग्रहाला धाकट्याचे कान लाल. मग गवती चहा पातीसकट उकळून दिला, चहापूड न घालता. नावात ‘चहा’ आहे म्हणून त्याने आधी पातेल्यात डोकावून पाहिलं, पात मोजल्यासारखी निरखली, आणि मग दोन कप प्यायला.