सामूहिक वनहक्काचा दावा कसा टाकायचा
नाशिकहून पेठ-सुरगाण्याकडे गेलं की जंगल अजून दिसतं, पण ते सांभाळणाऱ्या कोकणा, वारली लोकांकडेच हक्काचा कागद नसतो, म्हणून 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा (म्हणजे सगळ्या गावाने मिळून जंगलावरचा हक्क मागणं) टाका, नॅशनल पार्कातही लागू आहे बरं का. आधी ग्रामसभा, निम्मे मेंबर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. मग 10 ते 15 जणांची वनहक्क समिती. पुरावे किमान दोन प्रकारचे लागतात, त्यात म्हाताऱ्यांचा लेखी जबाब चालतो, म्हणून आजोबांना घेऊन रान फिरा, देवराई, पाणवठे, मोहाची झाडं सगळं मोबाईलच्या जीपीएसने नकाशावर घ्या (हे काम लय भारी). ग्रामसभेचा ठराव जोडून फाईल प्रांताकडे (उपविभागीय अधिकारी), आणि पोच घ्याच. झेरॉक्स ठेवा, मी नव्हती ठेवली, परत सगळं लिहीत बसलो.