पेशीश्वसन मला चवळीच्या सहा दाण्यांनी कळलं

ठाण्यात मराठी माध्यमातून दहावी करून मी अकरावी सायन्सला गेले आणि 'तंतुकणिके'ची, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्राची, एकदम 'मायटोकॉन्ड्रिया' झाली. पेशी ग्लुकोजमधून ऊर्जा कशी काढते, त्या पेशीश्वसनाच्या धड्यावर तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "श्वासातून घेतलेला ऑक्सिजन नेमका कुठे खर्च होतो?" मायटोकॉन्ड्रियात चालणाऱ्या क्रेब्ज चक्रातली सगळी आम्लं ओळीने पाठ होती, म्हणून मी ठामपणे सांगितलं, "क्रेब्ज चक्रात." चुकलं. फार लागलं ते मनाला.

घरी, कोपरीला, आईने भिजवायला काढलेल्या चवळीतले सहा दाणे घेऊन ताटात मांडले. एक दाणा म्हणजे एक कार्बन. सहा मिळून ग्लुकोज. ग्लायकोलिसिस, म्हणजे ग्लुकोज फोडण्याचा पहिला टप्पा, पेशीद्रवात होतं, तिथे तीन-तीनचे दोन ढीग झाले. हे पायरुवेट. मायटोकॉन्ड्रियात शिरल्यावर दोन्ही ढिगांतला एकेक दाणा कार्बन डायऑक्साइड म्हणून बाजूला काढला. उरलेले चार, हिशेबापुरते, क्रेब्ज चक्राच्या दोन फेऱ्यांत गेले. ताट रिकामं. आणि हातात एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरते ते रेणू, किती? ग्लायकोलिसिसचे निव्वळ दोन, क्रेब्जचे दोन. चारच! मग बाकीची ऊर्जा गेली कुठे?

हा प्रश्न पडला आणि धडा उलगडायला लागला. ऊर्जा इलेक्ट्रॉनांसोबत गेली होती. 10 एनएडीएच आणि 2 एफएडीएच-टू हे इलेक्ट्रॉन वाहणारे रेणू ते इलेक्ट्रॉन मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलावर पोचवतात. तिथे ते एका वाहकाकडून दुसऱ्याकडे जातात, त्या ऊर्जेवर प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात, आणि परत येताना हेच प्रोटॉन एटीपी सिंथेज हे एटीपी बनवणारं एन्झाइम फिरवतात. साखळीच्या टोकाला इलेक्ट्रॉन घेतो ऑक्सिजन, आणि त्याचं पाणी होतं. सरांना हवं होतं ते उत्तर हे. ऑक्सिजन नसला की एनएडीएच भरलेलेच अडकतात. ते मोकळे करण्यासाठीच यीस्ट अल्कोहोल बनवतं आणि आपले स्नायू लॅक्टिक आम्ल.

तेव्हा अकरावीत नव्याने येणाऱ्यांनो, आम्लांची नावं पाठ करण्याआधी कार्बन मोजा, मग इलेक्ट्रॉनांच्या मागे जा. 38 एटीपी की 32, यावरूनही घाबरू नका. एका एनएडीएचचे 3 आणि एका एफएडीएच-टूचे 2 एटीपी धरले की 30 अधिक 4, वर थेट मिळालेले 4, म्हणजे 38. हल्ली 2.5 आणि 1.5 धरतात, म्हणून 32. पेपरात तुमच्या पाठ्यपुस्तकातला आकडा लिहा, पण दोन्ही हिशेब वहीत एकदा स्वतःच्या हाताने करा.